उंबऱ्यापासूनचे अंतर : सुरतेच्या निमित्ताने

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सुरत म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवतो तो इ. स. १६६४ चा जानेवारी महिना. शिवछत्रपतींच्या स्वारीची हकीकत शालेय पुस्तकांतून इतक्यांदा वाचली गेली आहे की, सुरत हे एक नांदते गाव आहे, तेथे माणसे पाणी भरतात, बाजार करतात, मुलांना शाळेत धाडतात, याचा जणू विसर पडावा. त्या स्वारीचा एक परिणाम मात्र क्वचितच सांगितला जातो. तोवर शहराला मातीचा कच्चा तट होता. स्वारीनंतर औरंगजेबाच्या आज्ञेने विटांचा पक्का तट उभारण्यात आला. हा आतला कोट म्हणजे शहरपनाह. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या बाहेरून दुसरा कोट पडला, तो आलमपनाह. घर आणि बाजार, घर आणि विहीर, घर आणि देऊळ-मशीद यांच्यामधले अंतर पुढे कित्येक पिढ्या या दोन तटांनी ठरविले. मराठ्यांच्या घोडदळाने, नकळत का होईना, एका शहराच्या रोजच्या पायपिटीची मर्यादा आखून दिली.

प्रस्तुत विषय हाच आहे. माणसाला दररोज, किंवा वारंवार, जे लागते ते त्याच्या उंबऱ्यापासून किती दूर असते? पाण्याचा नळ, वाणसामानाचे दुकान, पिठाची गिरणी, दवाखाना, मुलांची शाळा, बसचा थांबा, पालिकेची कचेरी, आणि ज्या वास्तूच्या शताब्दीसाठी ही व्याख्यानमाला योजली आहे तिचे स्मरण ठेवून म्हणायचे तर, ग्रंथालय. पॅरिसमधील कार्लोस मोरेनो या अभ्यासकाने २०१६ मध्ये ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना मांडली आणि ती जगभर गाजली. रोजची प्रत्येक गरज घरापासून पंधरा मिनिटांच्या आत, पायी वा सायकलने भागावी, असा तिचा आशय. त्याआधी १९२९ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी याने प्राथमिक शाळा मध्यभागी ठेवून वस्तीची रचना सुचविली होती. पुण्याच्या पेठांत ज्यांचे बालपण गेले त्यांना या दोन्ही कल्पनांत फारसे नवल वाटू नये.

जुनी सुरत तर अशा रचनेचा वस्तुपाठच होती. महानगरपालिकेच्या नोंदींनुसार १९६३ पर्यंत या शहराचे क्षेत्र अवघे ८.१२ चौरस किलोमीटर होते. शहर वर्तुळाकार आहे असे क्षणभर मानले, तर मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सुमारे १.६ किलोमीटर भरते. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत मनुष्य शहराच्या मध्यातून कोणत्याही दरवाज्याशी पोहोचे. चौकातल्या किल्ल्यापासून राजमार्गाने निघावे, भागळ गाठावी, पुढे दिल्ली दरवाजा. सगळी वाट पायांखालची. आतल्या व बाहेरच्या तटांच्या दरम्यान जी उपनगरे वसली त्यांची नावेच मुळी ‘पुरा’ या पदाने संपतात : सैयदपुरा, हरिपुरा, बेगमपुरा, सलाबतपुरा, रुस्तमपुरा, सगरामपुरा, नानपुरा. पुऱ्यात फळिया, फळियात शेरी, शेरीत ओटला. ओट्यावर बसलेल्या म्हातारीला शेरीत कोण आजारी आहे आणि वैद्य येऊन गेला की नाही, हे विचारावे लागत नसे.

आणखी एक नाव मराठी माणसाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे : बुरहानपुरी भागळ. भागळ म्हणजे वेस. बंदराचा माल याच दिशेने खानदेशाकडे निघे. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून नंदुरबारमार्गे बुरहानपुरास गेला, तोही याच तापीकाठच्या प्रदेशातून. खानदेश आणि सुरत यांचे नाते यंत्रमागाहून पुष्कळ जुने आहे, याची ही खूण.

कामही घरात किंवा घराशेजारीच असे. सुरतेची जर याच जुन्या वस्त्यांतील घराघरांतून ओढली, चपटी केली, रेशमावर चढविली जाई. येवल्याच्या पैठणीच्या पदरात जी जर चमकते ती पिढ्यान्‌पिढ्या सुरतेहून येत आली आहे. तेव्हा लग्नघरात पैठणी नेसणाऱ्या मराठी स्त्रीचा या शेऱ्यांशी संबंध आहेच, तिला त्याची कल्पना असो वा नसो.

एवढे ऐकून जुन्या शहराविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. जवळीक फुकट मिळत नाही. एप्रिल १८३७ मध्ये सुरतेत आग लागली. लाकडी बांधणीची घरे भिंतीला भिंत लावून उभी होती. नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीच्या पुराने उरलेसुरले धुऊन नेले. शेजारच्या घरी अर्ध्या हाकेत पोहोचता येते, तसा अग्नीही पोहोचतो, आणि रोगही. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, ती या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. १८६७ पासून तिचा कारभार १६४४ मध्ये बांधलेल्या मुघल सराईतून चालू झाला. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळेत शहराची कचेरी भरावी, आणि महानगरपालिका झाल्यावरही मुख्य कार्यालय तेथेच राहावे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. पण त्याविषयी विस्तार येथे नको.

१९६१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या २ लाख ८८ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाख ६७ हजारांवर गेली. पन्नास वर्षांत साडेपंधरा पट. क्षेत्र मात्र ८.१२ चौरस किलोमीटरांवरून २००६ मध्ये ३२६.५ वर, म्हणजे चाळीस पट, आणि २०२० च्या हद्दवाढीनंतर सुमारे ४६२ वर गेले. वर्तुळाचे तेच गणित पुन्हा केले तर मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर आता बारा किलोमीटर होते. वीस मिनिटांच्या जागी अडीच-तीन तासांची चाल. दाटी कमी झाली, म्हणून सुख वाढले, असा निष्कर्ष कागदावर काढता येईल. ज्याच्यापाशी वाहन आहे त्याच्यापुरता तो खराही ठरेल.

ज्यांच्यापाशी ते नव्हते, त्यांच्यातला मोठा वर्ग मराठी बोलणारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे झाली आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर ही गावे सुरतेच्या फलाटाला जोडली गेली. पुढे यंत्रमाग वाढले, तसे अवर्षणाने आणि तुटपुंज्या शेतीने गांजलेले खानदेशी कुटुंब या गाडीत बसू लागले. त्यांच्याबरोबर ओडिशातून, उत्तर प्रदेशातून, आंध्रातून माणसे आली. सौराष्ट्रातून हिऱ्यांचे कारागीर आले आणि वराछा-कतारगाम भागांत स्थिरावले. खानदेशी वस्ती प्रामुख्याने लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या पूर्व आणि दक्षिण अंगांना पसरली. आज तेथल्या गल्लीत अहिराणी ऐकू येते, गणपती बसतात, कानबाईचा उत्सव होतो.

या वस्त्या उभ्या कशा राहिल्या, हे समजून घेतल्याखेरीज सेवांच्या अंतराचा प्रश्न उलगडत नाही. मुंबई इलाख्याने १९१५ मध्ये नगररचनेचा कायदा केला. त्यातली पद्धत गुजरातने जपली आणि १९७६ च्या कायद्याने वाढविली. अनेक मालकांची शेते एकत्र घ्यायची, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेले भूखंड नव्याने आखून ज्याचे त्याला परत द्यायचे. सुधारलेल्या कायद्यात प्रमाणेही सांगितली आहेत : रस्त्यांना १५ टक्के, उद्याने व मोकळ्या जागांना ५ टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सामाजिक सोयींना ५ टक्के. योजना उत्तम आहे. परंतु ती मोकळ्या शेतावर आखायची असते. पूर्व सुरतेत पुष्कळदा घर आधी आले आणि योजना मागाहून. शेताचे तुकडे पडले, बारा-पंधरा फूट रुंदीचे गाळे बांधले गेले, त्यांना ‘सोसायटी’ असे नाव मिळाले. शाळेसाठी जे पाच टक्के राखायचे, त्यावर कोणाचा तरी संसार आधीच मांडलेला.

त्यातच रेल्वेमार्गाचा अडसर. लिंबायत रुळांच्या पूर्वेला, जुने शहर आणि मोठी रुग्णालये पश्चिमेला. रुळांखालून जाणाऱ्या भुयारी वाटेला सुरतेत गरनाळे म्हणतात. पावसाळ्यात गरनाळ्यात पाणी साचते, मीठी खाडी फुगते, आणि नकाशावर दोन किलोमीटर असलेले रुग्णालय त्या दिवसापुरते परगावी जाते. नकाशावरचे अंतर आणि चालणाऱ्याचे अंतर यांत असा भेद असतो. प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या बाईला नकाशा दाखवून उपयोग नाही.

नुसत्या वाटेचाच नव्हे, तर वेळेचाही हिशेब आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील स्थलांतरित मजुरांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. त्यांचे ‘फुटलूज लेबर’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रमागावरील बारा तासांच्या पाळीचे वर्णन त्यांनी केले आहे. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत ‘खाते’ म्हणतात. खात्यातून मनुष्य सायंकाळी सात-आठला सुटतो, किंवा रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन निजतो. मजुरी कापडाच्या मीटरवर. रेशनकार्डाचे काम घराशेजारच्या कचेरीत होत असले, तरी ती कचेरी उघडी असते तेव्हा हा माणूस एक तर मागावर असतो, नाही तर झोपेत. एक सही आणायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. त्याच्या दृष्टीने ती कचेरी दोनशे पावलांवर नसून एका दिवसाच्या रोजगाराइतकी दूर आहे. शहरांच्या नियोजनात हे माप कोठेच धरलेले नसते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत पाच हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि पंधरा हजारांमागे एक दवाखाना असे मान दिले आहे. डोकी मोजली, घड्याळ पाहिले नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. त्या वर्षी पावसाने आणि पुराने सखल वस्त्यांत पाणी शिरले, मेलेली जनावरे आणि कचरा दिवसेंदिवस पडून राहिला. वेड रोडच्या परिसरात न्यूमोनिक प्लेगचे रुग्ण आढळले. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले; एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने आकडा लहान. परंतु काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. तापी खोऱ्याच्या गाड्या खानदेशाकडे भरभरून निघाल्या. या घटनेविषयी बरेच लिहिले गेले आहे, एक गोष्ट मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. गल्लीच्या तोंडाशी ज्याची पाटी होती तो खासगी डॉक्टर अनेक ठिकाणी दवाखान्याला कुलूप लावून निघून गेला. औषधाची दुकानेही बंद झाली. रुग्णांचा सारा भार मजुरा दरवाज्याजवळच्या सरकारी नवीन सिव्हिल हॉस्पिटलवर पडला, आणि तेथील डॉक्टर-परिचारिकांनी तो वाहिला. जवळचे नाहीसे झाले आणि दूरचे तेवढे उरले. सेवा जवळ आहे, असे शांततेच्या काळात म्हणता येते. ती कोणाच्या मर्जीवर जवळ आहे, हे संकटात कळते.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांच्या कारकिर्दीत रस्ते झाडले गेले, दंड झाले, अतिक्रमणे पाडली गेली, १९९६ मध्ये इंटॅकने सुरतेला चंदीगडखालोखाल देशातले स्वच्छ शहर ठरविले. ही कीर्ती सर्वश्रुत आहे. तिच्यामागची कारभाराची रचना अधिक विचारणीय आहे. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागप्रमुखाला आयुक्ताच्या अधिकारांतील मोठा वाटा, खर्चाच्या अधिकारांसह, देण्यात आला. अधिकाऱ्यांनी सकाळचे तास आपल्या विभागातील रस्त्यांवर घालवावेत, असा दंडक झाला. गटार तुंबले तर मुघल सराईपर्यंत अर्ज नेण्याची गरज उरली नाही. ज्याच्यापाशी निर्णय होता तोच गटारापाशी येऊन उभा राहू लागला. या सुधारणेत लोकांना कचेरीजवळ नेले नाही, कचेरीला लोकांजवळ आणले. शहर तेच, माणसे तीच, बहुतांश कर्मचारीही तेच. दीड वर्षात जो पालट झाला तो पैशापेक्षा या उलट प्रवासाने झाला, असे मानण्यास जागा आहे. अर्थात पाडलेल्या टपऱ्यांतही कोणाचे तरी वाणसामान घरापासून दहा पावलांवर मिळत होते, हेही विसरता येत नाही.

दूरत्व दूर करण्याच्या प्रयत्नातून नवे दूरत्व कसे जन्मते, याचे उदाहरण उत्तरेच्या कोसाड येथे मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. त्यानंतर नदी आणि खाड्यांच्या काठच्या झोपडपट्ट्यांतील कुटुंबांना शहराच्या कडेला बांधलेल्या बहुमजली इमारतींत घरे देण्यात आली. योजनेचे नाव ‘शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा’. घर पक्के, नळ घरात, शौचालय घरात. ज्या स्त्रीने आयुष्यभर हंडा घेऊन रांग धरली तिला या नळाचे मोल कोणी शिकवावे असे नाही. पण तीच स्त्री पूर्वी चालत जाऊन चार घरची धुणीभांडी करी. कोसाडहून त्या घरी जाण्यासाठी रिक्षाला इतके पडू लागले की अनेकींनी काम सोडले. पाणी जवळ आले आणि भाकरी लांब गेली. यांपैकी काय निवडावे, हे तिला कोणी विचारले नव्हते.

सार्वजनिक बसवाहतूक सुरतेत दीर्घ काळ दुबळी होती. भागीच्या रिक्षांवर शहर चाले. जानेवारी २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन या मार्गावर स्वतंत्र पट्ट्यातून धावणारी जलद बससेवा सुरू झाली, आणि पहिला मार्ग श्रीमंत पश्चिमेऐवजी कामगारांच्या दक्षिणेला मिळाला, ही नोंद आवर्जून करावी. पुढे तिचे जाळे शंभर किलोमीटरच्या घरात गेले. मेट्रोची पायाभरणी २०२१ मध्ये झाली.

शाळेची गोष्ट थोडी निराळी आहे. रोजच्या सेवांपैकी ही अशी एक की जिचे पायी अंतर नियमाने मोजून दिले आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आणि त्याखालील २०१० चे केंद्रीय नियम सांगतात की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. शाळा कोणत्या भाषेची, हे अंतर मोजताना पाहिले जात नाही. सुरत महानगरपालिकेचे येथे मनापासून कौतुक केले पाहिजे, कारण तिची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालविते. महाराष्ट्रातील किती नगरपालिका परभाषकांसाठी एवढे करतात, याचा शोध घेतला तर मान खाली घालावी लागेल. माध्यमिक वर्गांसाठी महानगरपालिकेने ‘सुमन’ या नावाने शाळा काढल्या. तरीही मराठी माध्यमातला मुलगा जसजसा वरच्या वर्गात जातो तसतशी त्याची शाळा घरापासून दूर सरकते, आणि एका टप्प्यावर आईबाप मुलीच्या बाबतीत हिशेब करतात : गरनाळ्यापलीकडे, अंधार पडल्यावर परतायचे. हिशेबाचे उत्तर बहुतेक वेळा मुलीच्या विरुद्ध जाते.

आता ग्रंथालय. महानगरपालिकांसाठी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जो कायदा केला, आणि ज्याच्या आधारे सुरतेची महानगरपालिका १९६६ मध्ये झाली, त्यात कर्तव्यांच्या दोन याद्या आहेत. प्राथमिक शाळा, पाणी, सफाई ही अनिवार्य यादीत. ग्रंथालय ऐच्छिक यादीत. सुरतेला ग्रंथालयांची परंपरा नाही असे नव्हे. अँड्र्यूज लायब्ररी १८५० ची, म्हणजे नगरपालिकेहूनही जुनी. कवी नर्मद यांच्या नावाचे महानगरपालिकेचे मध्यवर्ती ग्रंथालय घोडदोड रोडवर मोठ्या दिमाखाने उभे आहे. पण घोडदोड रोड पश्चिमेला, आणि मागावर काम करणारा वाचक रुळांच्या पूर्वेला.

याच परिसरात एका मराठी राजाने या प्रश्नाचे उत्तर शतकापूर्वी शोधले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलाविले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे ग्रंथालय निघणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या धाडल्या जात. गावाने वाचून झाल्यावर पेटी परत करायची आणि दुसरी मागवायची. बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात कामरेज, व्यारा, सोनगड हे तालुके होते. कामरेज आज सुरतेला टेकले आहे, आणि सोनगड-व्याऱ्यावरूनच खानदेशची गाडी येते. वाचक पुस्तकापर्यंत पोहोचत नसेल तर पुस्तकाने उठून जावे, हा विचार तेथे एकेकाळी सरकारी खात्याचा नित्यक्रम होता.

लिंबायत-डिंडोलीत मराठी माध्यमाच्या पालिका शाळा आहेत. त्या नियमाप्रमाणे वस्तीपासून पायी अंतरावरच आहेत, आणि सायंकाळी पाच-सहानंतर त्यांची दारे बंद असतात. खाते सुटते सातला. पुस्तकांच्या चार पेट्या, एक दिवा, आणि सात ते दहा बसणारा एक माणूस एवढ्यावर एका वर्गखोलीचे वाचनालय होऊ शकते. त्यासाठी नवी जागा लागत नाही आणि रूळही ओलांडावे लागत नाहीत. शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयांच्या माळ्यांवर दुबार प्रती पुष्कळ पडून असतात. त्यांतल्या काही प्रती सुरतेच्या गाडीत बसवून द्यायच्या झाल्या तर नंदुरबारहून ती रोज सुटते.